कोराडीच्या वाटेवर मिळालेली खोली

देवाला दोष द्यावा इतकाही माझा त्याच्याशी संबंध उरला नव्हता, त्या दिवसांतली ही गोष्ट आहे. माझी आई देवाधर्माची होती. मी मात्र जहाजावरचा आगवाला. म्हणजे जहाजाच्या पोटात, बॉयलरच्या भट्टीत कोळसा लोटणारा माणूस. नागपूरच्या विणकराचा मुलगा समुद्रावर कसा पोहोचला, असं अजूनही लोक विचारतात. वडील लवकर गेले, घरातला हातमाग विकला गेला, आणि लढाईच्या दिवसांत गिरणीत काम मिळेल म्हणून मी मुंबईला गेलो. तिथे ओळखीच्या एका माणसाने गिरणीऐवजी बंदरावर नेऊन उभं केलं. त्यानंतर बारा-तेरा वर्षं माझं आयुष्य करारांच्या तुकड्यांत गेलं. नऊ-दहा महिने जहाज, मग तीन-चार महिने जमीन, मग पुन्हा दुसरं जहाज.

लोकांना वाटतं की आम्हाला भीती समुद्राची. माझ्यापुरतं सांगतो, मी बिघडलो तो जमिनीवर. जहाजावर कामाचे तास ठरलेले, जेवण ठरलेलं, झोपायची जागा ठरलेली. जहाज सोडलं की यातलं काहीच ठरलेलं नसे. बंदराजवळच्या खोल्यांत वीस-वीस जण दाटीने राहायचे. खोलीचा मालक पहिल्या दिवशी पाहुण्यासारखा वागवायचा, दुसऱ्या दिवशी कोणीतरी बाटली आणायचं, आणि पुढचा करार मिळेपर्यंत माणूस शुद्धीवर येणार नाही याची सगळे मिळून काळजी घ्यायचे. मी त्यांना नावं ठेवत नाही. तोंड माझं होतं, पिणारा मीच होतो. आई गेल्याचं पत्र मला अशाच एका खोलीत मिळालं आणि ते मी तीन दिवस उघडलं नाही. त्यापलीकडे त्या दिवसांबद्दल काही लिहावंसं वाटत नाही.

आईच्या हयातीतच माझं लग्न झालं होतं. बायको उमरेडची, विणकराच्याच घरातली, सुभद्रा. आई होती तोवर दोघी एकत्र राहिल्या. आई गेल्यावर ती भाड्याची जागा सुटली, आणि मला तर पुढच्या जहाजावर जायचं होतं. तेव्हा मी घाईघाईने नागपूर स्टेशनच्या बाजूला एका दुकानावरची खोली घेतली. भाडं कमी होतं, बाजार जवळ होता, भिंती नुकत्याच पांढऱ्या केलेल्या होत्या. तेवढं पाहिलं, मालकाशी दोन गोड शब्द बोललो आणि सुभद्रेला तिथे ठेवून निघून गेलो. मी ती खोली पुरता अर्धा तासही पाहिली नव्हती.

त्या जिन्यावर मालकाचा भाऊ बसायचा. दिवसा तो काही बोलत नसे. अंधार पडला की दाराशी येऊन, काही हवं का, दिवा आहे का, असं विचारायचा. मग विचारणं बंद झालं आणि नुसती कडी हलायची. सुभद्रा दाराला जातं लावून बसून राहायची. खाली हाक मारली तर ऐकायला त्याचेच लोक होते. चौथ्या दिवशी उजाडताच तिने भांड्यांचं गाठोडं बांधलं आणि एकटी चालत जाऊन उमरेडची गाडी धरली. हे सगळं मला कळलं ते कित्येक महिन्यांनी, परदेशातल्या एका बंदरात, तिच्या भावाने लिहिलेल्या पत्रातून. पत्रात शिव्या नव्हत्या. शेवटी एवढंच होतं की बहीण आता आमच्याकडेच राहील.

त्या पत्रानंतर मी दारू सोडली. कोणाची शपथ घेतली नाही, देवाला साक्षी ठेवलं नाही. सोडली, एवढंच. सहा महिने शिवलो नाही, आणि करार संपताच मुंबईत न थांबता थेट उमरेडला गेलो. स्वातंत्र्याला दहा वर्षं होऊन गेली होती. दिवाळी सरली होती आणि थंडी पडू लागली होती.

सुभद्रेने मला पाणी दिलं, जेवायला वाढलं. तिचा भाऊ पाठमोरा बसून मागावर विणत होता, पण त्याचा धोटा थांबून थांबून चालत होता. त्यावरून तो ऐकतोय हे कळत होतं. मी म्हणालो की दारू सोडली आहे, आता परत चल. तिने माझं ताट उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मले तुमचे पैशे नोको. साड्या नोको. तुम्ही नऊ महिने नसता. त्या नऊ महिन्यांत मले दार लावून झोपता येईन, अशी जागा पाहा. मी येऊन पाहीन. पटली तर राहीन. नाही पटली तर मले पुन्हा बोलवायले येऊ नोका."

मी हो म्हणालो. निघताना तिने एक घडी केलेलं लुगडं माझ्या हातात दिलं. ते आईचं. मुलगा लढाईतून जिवंत परत आला तर कोराडीच्या देवीला लुगडं नेसवीन, असा आईचा नवस होता. लुगडं आणून ठेवलं आणि जायचं राहून गेलं. "सासूबाईनं जाताना माह्याजवळ देल्लं होतं," सुभद्रा म्हणाली. "तुमची वस्तू आहे. तुम्ही पोचवा." मी ते पेटीच्या तळाशी ठेवलं. खरं सांगायचं तर ते मला ओझं वाटलं.

नागपुरात मी इतवारीतल्या एका धर्मशाळेत उतरलो. तिथे तीन दिवसांपेक्षा जास्त राहता येत नसे, पण दिवाणजी भला माणूस होता. माझी अडचण ऐकून त्याने, "रोज सकाळी नाव नव्यानं लिवत जा," एवढंच सांगितलं. पुढच्या जहाजासाठी मला पंचवीस दिवसांनी मुंबईत हजर व्हायचं होतं. त्यातले दोन उमरेडलाच गेले होते. उरलेले दिवस मी नागपूर पालथं घातलं. सीताबर्डीत पाहिलं, महालात पाहिलं, गांधीबागेच्या मागच्या गल्ल्यांत पाहिलं. चांगल्या वस्तीत माझं काम ऐकताच दार अर्धं मिटायचं. एका म्हाताऱ्या बाईने तर तोंडावर विचारलं, "जहाजावरचा हायेस तर बायको माहेरी काहून गा?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते देता येण्यासारखं नव्हतं. जिथे काम न विचारता खोली दाखवायचे, तिथे मला खालचा जिना दिसायचा, जिन्यावर बसलेली माणसं दिसायची, आणि मीच परत फिरायचो. स्वस्त जागा भेटे ती सुरक्षित नसे. सुरक्षित भेटे ती माझ्या ऐपतीबाहेरची किंवा माझ्यासारख्याला न देण्याची. चालून चालून पाय सुजले. संध्याकाळी धर्मशाळेच्या ओट्यावर बसलो की समोरच्या गुत्त्यातला वास यायचा. मी उठून आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायचो.

शेवटी एका दलालाने एक खोली दाखवली. पहिल्या मजल्यावर, दार जाड, कुलूप पितळी, खिडकीला गज. मालक वयस्क, गावाला राहणारा. शेजारी दोन गोदामं, म्हणजे उपद्रव करणारं कोणी नाही. मला ती पसंत पडली. शनिवारी सकाळी येऊन आगाऊ भाडं द्यायचं ठरलं. मी उमरेडला पत्र टाकलं की सोमवारी धर्मशाळेवर ये, खोली दाखवतो. मग शुक्रवार रिकामा उरला. पेटी उघडली तेव्हा तळाशी लुगडं दिसलं. सोमवारी सुभद्रा विचारणार, पोचवलं का. त्या एका प्रश्नाच्या भीतीने मी कोराडीला गेलो. भक्ती म्हणून गेलो, असं कोणी समजू नये.

तेव्हा कोराडी म्हणजे लहानसं गाव होतं. छिंदवाड्याच्या रस्त्यावरच्या मोटरीतून फाट्यावर उतरायचं आणि शेतांतून चालत जायचं. शुक्रवार असूनही गर्दी नव्हती. चालताना अंग जड वाटत होतं, पण इतक्या दिवसांची दगदग म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. देवळात पुजाऱ्याच्या हाती लुगडं दिलं. त्याने ते उलगडून देवीसमोर धरलं. मी हात जोडले आणि मनात काहीच आलं नाही. काय मागावं ते सुचलं नाही, आणि मागितलं तर मिळेल असंही वाटलं नाही. आईने काम सांगितलं होतं, ते झालं, इतकंच डोक्यात होतं.

तेवढ्यात बाजूला बसलेली एक म्हातारी उठून पुढे आली. अंगाने बारीक, कपाळावर मोठं कुंकू. तिने पुजाऱ्याच्या हातातल्या लुगड्याचा काठ दोन बोटांत धरला, डोळ्यांजवळ नेला आणि खांबाला टेकून बसलेल्या आपल्या नवऱ्याला म्हणाली, "पाहा जी, इकडे या. हा काठ आपल्या घरचा हाये." म्हातारा आला. करवती काठाच्या आतल्या बाजूने एक पिवळा दोरा गेला होता, तो त्याने नखाने दाखवला. "हा दोरा मीच टाकतो," तो म्हणाला. "दुसरं कोणी नाही टाकत." मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. हे लुगडं कुठून आणलं, म्हणून विचारलं. मी म्हणालो की आईने घेतलं होतं, आई आता नाही. म्हातारी म्हणाली, "मंग तुह्या मायनं माह्या दारातूनच नेलं असन, बाबू. आम्ही बाजारात नाही देत. घरूनच विकतो." आईचा चेहरा तिला आठवेना. तिने बराच प्रयत्न केला, आणि आठवत नाही याचं तिला माझ्याहून जास्त वाईट वाटलं. तिचं नाव भागाबाई, नवऱ्याचं सोनबाजी. दर महिन्याच्या एका शुक्रवारी ती दोघं ओळखीच्या माणसाच्या बंडीत, म्हणजे बैलगाडीत, बसून कोराडीला येत.

मी त्यांना नमस्कार करून निघालो. फाट्यापर्यंत काही पोहोचलो नाही. वाटेत एका चिंचेखाली थंडी वाजून आली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हिवताप लागला होता, तो मधूनमधून उलटायचा, पण त्या दिवशी आला तसा पूर्वी कधीच आला नव्हता. दात वाजत होते. उन्हात पडलो होतो तरी ऊब लागत नव्हती. मोटर येऊन गेल्याचा आवाज मी पडल्या पडल्या ऐकला. त्या वेळी देव आठवला असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मला आठवली ती शनिवारची खोली. उद्या सकाळी पोहोचलो नाही तर ती जाणार, आणि सोमवारी सुभद्रा येणार. मी उठायचा प्रयत्न केला आणि तोंडावर पडलो.

त्यानंतर बंडीची चाकं थांबली. भागाबाईचा आवाज आला, "अवं माय! हा तर लुगड्यावाला पोरगा." सोनबाजींनी आणि बंडीवाल्याने मला उचलून आत कडब्यावर ठेवलं. कोणी मला विचारलं नाही की कुठे जायचं आहे. मी सांगण्याच्या अवस्थेतही नव्हतो.

शुद्ध आली तेव्हा मी गोळीबार चौकाच्या मागच्या विणकरांच्या वस्तीत, त्यांच्या घरी होतो. ती त्यांच्या मुलाच्या मागाची खोली होती. मुलगा भिलाईकडे नोकरीला लागला होता, माग बंद होता. माग चालवताना पाय सोडून बसायचा जमिनीतला खड्डा फळ्यांनी झाकला होता, आणि त्या फळ्यांवरच गोधड्या टाकून मला निजवलं होतं. ताप चढायचा, उतरायचा. शेजारच्या खोलीतून सोनबाजींच्या मागाचा खटखट आवाज येई, आणि तापाच्या भरात मला वाटे की मी लहान आहे, वडील विणत आहेत, आणि आपण पडून राहिलो तरी चालणार आहे. कितीतरी वर्षांत मला तसं वाटलं नव्हतं. भागाबाई पेज पाजायची, कपाळावर पट्टी ठेवायची. मी मध्येच उठून बसायचो आणि म्हणायचो, आज शनिवार आहे ना, मला जाऊ द्या. ती खांद्याला धरून निजवायची. "पड गा. उभं तर राहाता येऊन नाही राहिलं, आन् चालला खोली घ्यायले."

रविवारी ताप जरा उतरला तेव्हा कळलं की शनिवार निघून गेला. ती खोली मिळवायला मला दोन आठवडे लागले होते. मी भिंतीकडे तोंड करून रडलो, एखाद्या लहान मुलासारखा. दारूच्या वेळी सगळं गमावलं त्याला कारण मी होतो, हे मला पटत होतं. पण या वेळी मी काय केलं होतं? आईचा नवस फेडायला गेलो आणि हे पदरात पडलं. त्या दिवशी मी देवीला पहिल्यांदा मनापासून काही बोललो असेन, तर ते रागाने. तूच नेलंस, मी म्हणालो. आता काय करू ते तूच सांग. आणि मग अंगात त्राण नव्हतं म्हणून म्हणा, मी ते सगळं सोडून दिलं आणि झोपलो.

सोमवारी काय घडलं ते मी पाहिलेलं नाही. सुभद्रेने आणि भागाबाईने नंतर सांगितलं, ते लिहितो. सुभद्रा भावाबरोबर सकाळीच धर्मशाळेवर आली. दिवाणजीने जे होतं तेच सांगितलं, की शुक्रवारी सकाळी गेले, तेव्हापासून पत्ता नाही, पेटी इथेच आहे. भाऊ म्हणाला, "मी म्हटलं होतं तुले." सुभद्रा ओट्यावर बसून राहिली आणि भाऊ परतीच्या गाडीची चौकशी करायला इतवारी स्टेशनवर गेला. समोर गुत्ता होता. तिथे जाऊन विचारावं का, असं तिच्या मनात आलं, असं तिने मला पुढे एकदा सांगितलं. विचारलं नाही, कारण उत्तर ऐकायची हिंमत होत नव्हती.

इकडे भागाबाईला मंगळवारी सूत आणायला इतवारीत जायचंच होतं. तेव्हा धर्मशाळेत निरोप देऊ, पेटी आणू, असं सोनबाजींशी तिचं बोलणं झालं होतं. पण सोमवारी सकाळी ती मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता उठली. "मन लागून नाही राहिलं," ती म्हणाली. "मी जाऊनच येते." सोनबाजी म्हणाले की उद्या जायचं आहेच, दोन चकरा कशाला? ती ऐकायला थांबलीच नाही. धर्मशाळेचं नाव मी तिला सांगितलं होतं की नाही हे मला आठवत नाही. तापात बडबडलो असेन. ती तरी तसंच म्हणते.

ती ओट्यापाशी पोहोचली आणि दिवाणजीला विचारू लागली की जहाजावरचा एक माणूस इथे उतरला होता का. ते शब्द कानी पडताच सुभद्रेने मान वर केली. भागाबाईने तिला नीट न्याहाळलं.

"तू उमरेडची काय वं?"

"हो."

"माह्या घरी हाये तो. हिवतापानं पडला. तुह्यंच नाव घेऊन राहिला."

तेवढ्यात भाऊ धावत आला. गाडी आत्ता सुटते, लवकर चल, म्हणू लागला. अनोळखी म्हातारीच्या मागे कुठे जाते, कोण कुठली ही, असंही तो म्हणाला. सुभद्रेने भागाबाईच्या पदराकडे पाहिलं. पदराला सुताची कुसं चिकटलेली होती आणि उजव्या हाताच्या बोटावर दोऱ्याचा घट्टा होता. "तू जाय दादा," ती म्हणाली. "गाडी उद्याबी आहे." भाऊ एकटा गेला नाही. पेटी खांद्यावर घेऊन तो मागून बडबडत आला.

मी डोळे उघडले तेव्हा सुभद्रा समोर उभी होती. ती वाकली आणि माझ्या कपाळावर तळवा ठेवला. तशीच वाकलेली थोडा वेळ राहिली, आणि मला कळलं की ती माझ्या श्वासाचा वास घेते आहे. मला राग आला नाही. मी तोंड उघडून श्वास सोडला. ती सरळ उभी राहिली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "खोली कुठं आहे?"

मी म्हणालो, "गेली. शनिवारीच गेली."

तिची नजर खोलीभर फिरू लागली. तिने गल्लीकडचं दार लावून पाहिलं, आडणा सरकवला, हाताने ढकलून पाहिलं. पुन्हा उघडून बाहेर गेली, समोर कोण राहतं ते पाहून आली. समोर दोन विणकरांची घरं होती, दारातच बायका सूत गुंडाळायचे रहाट घेऊन बसल्या होत्या. नळ कुठे, पायखाना कुठे, तिथे जायला उजेड असतो का, हे तिने भागाबाईला विचारलं. ही हे कशाला विचारते म्हणून भागाबाई चकित झाली, पण उत्तरं देत गेली. मग सुभद्रा म्हणाली, "माय, तुम्ही जिथं झोपता तिथं जाऊन जरा पडता का?"

भागाबाई हसली, पण आत जाऊन पडली. सुभद्रा आमच्या खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "माय." आतून "ओ" आली. ती आणखी हळू म्हणाली. पुन्हा "ओ" आली. तिसऱ्या वेळी ती बोललीच नाही, नुसती बोटाच्या गाठीने मधल्या भिंतीवर टकटक केली. "आयकू येऊन राहिलं वं," भागाबाई आतून म्हणाली. "का झालं?"

सुभद्रा भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि हुंदके देऊ लागली. तिचा भाऊ दारात उभा होता, त्याने मान खाली घातली. जिन्यावरच्या त्या तीन रात्रींबद्दल त्या घरात आम्हा तिघांनाच माहीत होतं. भागाबाई बाहेर आली, कोणी काही सांगायच्या आधीच तिच्या बाजूला बसली आणि तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. खोली भाड्याने द्यायची असं त्या नवरा-बायकोच्या मनातही नव्हतं. सुभद्रेने विचारलं तेव्हा सोनबाजी म्हणाले, "पोरीसारखी राहा. देता येईन ते दे."

"ठरवून घ्या, बाबा," सुभद्रा म्हणाली. "ठरलं नाही तर मी पाहुणी होते. मले पाहुणी नाही राहाचं."

मग ठरलं. दलालाच्या खोलीपेक्षा भाडं कमीच होतं. शिवाय भागाबाईचे डोळे थकले होते, तेव्हा कांड्या भरायचं काम सुभद्रा करणार आणि त्याची मजुरी वेगळी घेणार, हेही तिने तिथेच ठरवून घेतलं. त्याच दुपारी तिने रहाट पुढ्यात ओढला. मी फळ्यांवर पडून तिच्या बोटांतून दोरा सरकताना पाहत होतो.

दलालाच्या त्या खोलीचं पुढे काही वाईट झालं, असं मी ऐकलेलं नाही. एक शिक्षक तिथे कुटुंबासह राहायला आले आणि सुखाने राहिले. देवीने मला कुठल्या संकटातून वाचवलं, असं म्हणून मी कोणाला पटवू शकणार नाही. हिवताप मला आधीपासून होता, सोनबाजी घरूनच लुगडी विकत होते, आणि म्हाताऱ्या बाईचं मन एखाद्या सकाळी कामात लागत नाही, असं होतंच. पण तिथे जाड दार आणि पितळी कुलूप पाहून मी खूश झालो होतो. दोन्ही बाजूंना गोदामं आहेत म्हणजे त्रास नाही, असं मी समजलो होतो. तिथे सुभद्रेने हाक मारली असती तर ऐकायला कोण होतं, हा प्रश्न वीस खोल्या पाहूनही माझ्या मनात आला नव्हता. मी पुन्हा तीच चूक करणार होतो, फक्त या वेळी शुद्धीवर राहून. मला माझ्या पायांवर उभं ठेवलं असतं तर मी शनिवारी जाऊन ती केलीच असती. मला आडवं करून बंडीत घातलं गेलं, आणि जिथे पोहोचायला हवं होतं तिथे नेलं गेलं. कोणी नेलं, याचं उत्तर मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

अंगात थोडी शक्ती आल्यावर मी मुंबईला निघालो. सुभद्रा, भागाबाई आणि सोनबाजी गल्लीच्या टोकापर्यंत आली. सोनबाजी म्हणाले, "बेफिकीर जाय गा." मी त्यांच्या पाया पडलो. मग भागाबाईच्या पाया पडलो. तिने माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि म्हणाली, "गाडी चुकवशीन."

जहाज मिळालं. चढल्यावर पहिलं भांडण नेहमी झोपायच्या फळीवरून होत असे. बॉयलरच्या भिंतीला लागून असलेल्या फळीवर अंग भाजून निघतं, वाऱ्याच्या नळाखालची फळी चांगली. इतकी वर्षं मी सारंगाशी, म्हणजे आमच्या मुकादमाशी, हुज्जत घालून, कधी कोणाला ढकलूनही ती फळी मिळवली होती. त्या वेळी सारंगाने बोट केलं ते बॉयलरकडच्या फळीकडे, आणि माझ्याकडे पाहून तो भांडणाची वाट पाहू लागला. मी पेटी तिथे ठेवली आणि अंथरूण पसरलं. तो म्हणाला, "काय रे, बरं वाटत नाही का?"

बरं वाटत होतं. पाळी सुरू व्हायला थोडा वेळ होता. मी त्या गरम भिंतीकडे तोंड करून बसलो, कोराडीची देवी मनात आणून हात जोडले, आणि या वेळी शब्द शोधावे लागले नाहीत. माय, मी म्हणालो, तू ठेवशील तिथे राहीन.